घरात कुणी गेल्यावर मुलांना कसं सांभाळायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. घरात मृत्यू झाला की पालकांचे, आज्यांचे, वर्गशिक्षकांचे आणि कधी कधी खुद्द मुलांचे मेसेज येतात. बहुतेक रात्री अकरानंतर, घर झोपल्यावर. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, विचारण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. मूल 'मला जगायचं नाही' असं म्हणत असेल तर बाकी काही न वाचता थेट प्रश्न १७ वर जा.

१. नवरा अपघातात गेला. मुलगा सात वर्षांचा आहे, आत्ता शाळेत आहे. त्याला कुणी, कधी आणि काय सांगायचं?

आजच सांगायचं, आणि शक्य असेल तर तुम्हीच सांगायचं. तुमच्याच्याने होणार नसेल तर ज्याच्या मांडीवर तो निर्धास्त बसतो अशा माणसाने सांगावं. शाळेतून आणायला जाणाऱ्याने रस्त्यात काही फोडू नये, पण 'काही नाही रे' असंही म्हणू नये. 'आई घरी वाट बघतेय, ती सांगेल' एवढं पुरे. घरात माणसं जमली असतील तर त्याला आतल्या खोलीत न्या, दार लोटा, त्याच्या उंचीला बसा.

वाक्यं लहान ठेवा. 'एक खूप वाईट गोष्ट झालीय. बाबांच्या गाडीला अपघात झाला. त्यांना खूप लागलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण बाबा मेले.' 'मेले' हा शब्द जिभेवर येत नाही, ठाऊक आहे मला. 'वारले' म्हणा हवं तर, पण मुलाला त्याचा अर्थ माहीत आहे याची खात्री करा. मग गप्प बसा. तो कदाचित विचारेल, 'मग उद्या मला शाळेत कोण सोडणार?' असं विचारणं म्हणजे आप्पलपोटेपणा नव्हे. त्याच्या जगातली सर्वात मोठी फट त्याला तिथे दिसली आहे. 'उद्या शाळेला सुट्टी, सोमवारपासून काका सोडतील' असं नेमकं उत्तर द्या.

'तू पण मरशील का?' हाही प्रश्न येतोच. 'मी कधीच मरणार नाही' असं वचन देऊ नका. 'माझी तब्येत चांगली आहे, मी खूप वर्षं तुझ्याबरोबर असणार आहे. आणि मला काही झालंच तर मावशी तुला सांभाळेल, आमचं बोलणं झालंय' असं सांगा. आणि मावशीशी खरंच बोलून ठेवा.

२. 'देवाघरी गेले', 'आकाशात तारा झाले' असं सांगितलं तर काय बिघडतं? आम्हालाही लहानपणी तसंच सांगितलं होतं.

श्रद्धा असेल तर देवाचं नाव जरूर घ्या. पण आधी शरीराची गोष्ट स्पष्ट सांगा: श्वास थांबला, हृदय थांबलं, आता ते जेवत नाहीत, त्यांना थंडी वाजत नाही, ते परत येणार नाहीत. त्यानंतर 'आपण मानतो की त्यांचा आत्मा देवाजवळ आहे' हे जोडा. नुसतं 'देवाघरी' म्हटलं तर चार वर्षांचं मूल दुसऱ्या दिवशी चपला घालून दारात उभं राहतं, देवाघरी जायला.

तीन वाक्यं मात्र टाळाच. 'झोपलेत' म्हटल्यावर मुलं झोपायला घाबरतात. 'गावाला गेलेत' म्हटल्यावर मूल रोज वाट बघतं, आणि खरं कळतं तेव्हा तुमच्यावरचाही विश्वास जातो. 'देवाला चांगली माणसं लवकर आवडतात' हे ऐकून एका मुलीने मुद्दाम वाईट वागायला सुरुवात केली होती. तिच्या हिशेबाने तोच जिवंत राहण्याचा उपाय होता.

३. कोणत्या वयात मुलांना मृत्यू कळतो?

बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून मारिया नागी यांनी १९४८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तिथपासून आजवर ढोबळ चित्र फारसं बदललेलं नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मृत्यू म्हणजे लांबचा प्रवास किंवा झोप वाटते, माणूस परत येईल असं वाटतं. म्हणून ती 'बाबा कधी येणार?' हे शंभर वेळा विचारतात आणि शंभर वेळा तेच उत्तर शांतपणे द्यावं लागतं. पाच ते नऊच्या दरम्यान परत न येणं कळू लागतं, पण 'आपल्याला असं होणार नाही' असंही वाटत असतं. नऊ-दहाच्या पुढे मृत्यू कायमचा असतो आणि सगळ्यांनाच येतो, हे समजतं.

दोन वर्षांच्या बाळाला मृत्यू कळत नाही, पण रोज अंगावर घेणारा हात नाहीसा झाला हे पक्कं कळतं. त्याला समजावण्यापेक्षा त्याच्या झोपेच्या, जेवणाच्या, आंघोळीच्या वेळा आणि ते करणारी माणसं शक्य तेवढी तीच ठेवा. ज्या मुलाने घरात मृत्यू पाहिला आहे ते वयाच्या मानाने पुष्कळ लवकर शहाणं झालेलं असतं, म्हणून वयाच्या तक्त्यापेक्षा मूल काय विचारतंय याकडे लक्ष द्या.

४. अंत्यदर्शनाला, स्मशानात मुलांना न्यावं का? घरातले मोठे 'लहान मुलांना कशाला?' म्हणतात.

मी आठ वर्षांची असताना आजोबा गेले. मला शेजारच्या काकूंकडे कॅरम खेळायला बसवलं होतं. सोंगट्या मांडल्या जात होत्या, खिडकीतून 'राम नाम सत्य है' ऐकू येत होतं, आणि काकू म्हणत होत्या, 'तुझी पाळी, खेळ ना.' घरी परतले तेव्हा आजोबांची कॉट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. मला निरोप घेता आला नाही. त्यामुळे या बाबतीत माझं मत ठाम आहे, हे आधीच सांगते.

मुलाला विचारा. जबरदस्ती करायची नाही, परस्पर दूरही ठेवायचं नाही. निवडण्याआधी त्याला काय दिसेल ते सांगा: आजोबा जमिनीवर निजवलेले असतील, नाकात कापूस असेल, पायाचे अंगठे बांधलेले असतील, अंग गार लागेल, माणसं मोठ्याने रडतील. स्मशानात चिता असेल, किंवा विद्युतदाहिनीचं दार उघडेल आणि बंद होईल. 'त्यांना चटका बसेल का?' असं जवळजवळ प्रत्येक मूल विचारतं. मेलेल्या शरीराला दुखत नाही, भाजत नाही, हे उत्तर तयार ठेवा. दफन करण्याची रीत असेल तर 'मातीखाली श्वास कसा घेणार?' हा प्रश्न येतो, त्याचंही उत्तर तेच.

मुलाबरोबर एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी हवं. विधीत गुंतलेलं नको, मूल 'चल' म्हणालं की लगेच बाहेर पडणारं हवं. मुलींनाही हाच न्याय लावा. मृत्यू भीषण अपघाताने झाला असेल आणि देह पाहण्यासारखा नसेल तर मात्र तो दाखवू नका. हात धरू द्या, किंवा झाकलेल्या देहावर फूल ठेवू द्या. ज्यांना नाही यायचं त्यांना चिठ्ठी लिहून किंवा चित्र काढून देता येतं, ते देहाबरोबर ठेवता येतं.

५. आम्ही न्यू जर्सीत आहोत. आजी पुण्यात वारली. मुलांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचं का?

वरच्या उत्तरातले नियम इथेही लागू आहेत: आधी सांगायचं, मग विचारायचं, आणि कॅमेरा धरणाऱ्याशी आधी बोलून घ्यायचं. रडारड चालू असताना हलणारा फोन मुलांना घाबरवतो. मी तर सुचवेन की तिथल्या कुणाला तरी दोन शांत मिनिटं मिळवून द्यायला सांगा, तेवढ्यात मुलं आजीशी बोलून घेतील. परदेशातल्या मुलांची खरी अडचण नंतर सुरू होते. त्यांचं रोजचं आयुष्य जराही बदलत नाही, म्हणून आजी गेली हे खरंच वाटत नाही. तेराव्याला तुमच्या घरीही आजीच्या आवडीचं काहीतरी करा, फोटो लावा. पुढे पुण्याला याल तेव्हा तिच्या रिकाम्या खोलीत मुलांचा बांध फुटेल. एक-दोन दिवस त्यासाठी राखून ठेवा, लगेच लग्नकार्यांना पळू नका.

६. बातमी सांगितल्यावर दहा मिनिटांत मुलगा क्रिकेट खेळायला गेला. त्याला काहीच वाटत नाही का?

वाटतं, खूप वाटतं. पण मुलं दुःखात फार वेळ थांबू शकत नाहीत. पावसातल्या डबक्यासारखं त्यांचं चालतं, एकदम आत उडी आणि एकदम बाहेर. मोठ्यांचंही खरं तर असंच असतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकात माणूस दोन टोकांत हेलकावे खात असतो, एकदा गेलेल्याकडे आणि एकदा पुढच्या रोजच्या कामाकडे. दोन्ही हवंच असतं. मुलांचे हेलकावे फक्त जलद असतात.

त्याला खेळू द्या. 'बाप गेलाय आणि हा बघा' असं जमलेल्यांपैकी कुणी म्हणत असेल तर त्यांना तिथल्या तिथे थांबवा. हे एक वाक्य मुलं पुढे वीस वर्षं विसरत नाहीत.

७. पाच वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करते, पदर सोडत नाही, सकाळी पोट दुखतं म्हणते.

पहिले काही महिने असं होतं, आणि बहुतेक वेळा ते आपोआप ओसरतं. रागावू नका. रबरी चादर घाला, रात्री दिवा ठेवा, बाहेर जाताना किती वाजता परत येणार ते सांगा आणि ती वेळ पाळा. पोटदुखी खोटी नसते, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्याच. वडील पोटाच्या आजाराने गेले असतील तर तिला 'मलाही तेच झालंय' अशी भीती असू शकते. ती विचारणार नाही, तुम्ही विचारा.

८. मी मुलांसमोर रडू का? सगळे म्हणतात, त्यांच्यासाठी तू खंबीर राहा.

रडा. आई कोरड्या डोळ्यांनी वावरली तर मुलं शिकतात की या घरात रडायची मनाई आहे, मग तीही बाथरूममध्ये नळ सोडून रडतात. फक्त रडण्याला शब्द द्या: 'मला बाबांची आठवण आली. थोड्या वेळाने बरं वाटेल. मग आपण जेवू.' आणि खरंच जेवायला वाढा.

पण रात्री रात्री मुलीला उठवून तिच्या गळ्यात पडून रडणं वेगळं. ती तुमची आई होऊ लागते. तुमच्यासाठीही बहीण, मैत्रीण, कुणीतरी मोठं माणूस हवं. अमेरिकेत विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. मूल कसं सावरेल हे मागे राहिलेला पालक कसा सावरतोय यावर सर्वात जास्त अवलंबून असतं, असं त्यांना दिसलं. तेव्हा तुम्ही स्वतः डॉक्टरकडे जाणं, झोपणं, जेवणं हेही मुलांसाठीच आहे.

९. मुलगी विचारते, 'माझ्यामुळे झालं का?' असं कसं तिच्या डोक्यात येतं?

साधारण दहाच्या आतल्या मुलांना वाटतं की आपल्या मनातल्या विचारानेही गोष्टी घडतात. आदल्या दिवशी बाबांवर चिडून 'तुम्ही नकोच मला' म्हटलेलं असतं. मग ती हिशेब जुळवते.

कधी आपले विधीच या हिशेबाला खतपाणी घालतात. दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंडाला कावळा शिवत नव्हता. एकेक जण पुढे होऊन शब्द देत होता, 'मुलांचं शिक्षण पूर्ण करू', 'घराचं बघू'. कोपऱ्यात उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला खात्री होती की कावळा तिच्यामुळे येत नाहीये, कारण चाचणीचे कमी गुण तिने बाबांपासून लपवले होते. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. तिने हे मला पाच महिन्यांनी सांगितलं. पाच महिने ते एकटीने वागवलं होतं तिने. विधी करू नका असं मी म्हणत नाही. पण त्या वेळी मुलाच्या कानाशी एक माणूस असू द्या, जे सांगेल, 'कावळे कधी भुकेले असतात, कधी नसतात. बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत.'

मुलाने विचारलं नसलं तरी स्वतःहून सांगा: तू बोललास, केलंस किंवा मनात आणलंस त्यामुळे कुणी मरत नाही. एकदा सांगून भागत नाही.

१०. सगळे माझ्या बारा वर्षांच्या मुलाला म्हणतात, 'आता तूच घरातला कर्ता, आईला सांभाळ.' बरोबर आहे का?

नाही. भेटायला येणारे प्रेमाने म्हणतात, त्यांना दुसरं काही सुचत नाही. पण त्या पोराने नुकतंच मडकं धरलेलं असतं, मुंडन झालेलं असतं, आणि पाठीवर हात ठेवून एकामागून एक माणूस त्याच्या खांद्यावर घर ठेवून जातो. मग तो रडत नाही, सहलीचे पैसे मागत नाही, क्लास सोडतो. त्याच्या शहाणपणाचं कौतुक होतं आणि तो आतून वाळत जातो. मुलींच्या वाट्याला हेच 'आता भावाची आई तूच' होऊन येतं आणि त्यांचं वय तर कुणी विचारतही नाही.

पाहुण्यांसमोरच म्हणा, 'तो सातवीत आहे. घर मी बघणार आहे, तो अभ्यास करेल आणि खेळेल.' त्याला लहानसं, संपणारं काम द्या, जसं दूध आणणं. पैशाची चिंता त्याच्यासमोर करताना पुढे काय मार्ग काढला आहे तेही सांगा.

११. सासरे गेले तेव्हा बायकांनी सासूबाईंच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. माझ्या मुलीने ते पाहिलं. तेव्हापासून ती आजीजवळ जात नाही.

तिने आजोबांचा मृत्यू पाहिला आणि लगेच आजीला शिक्षा होताना पाहिली. मुलाच्या नजरेला ते तसंच दिसतं. कुणीतरी तिला सांगायला हवं की आजीने काही चूक केलेली नाही, ही एक जुनी रीत आहे आणि ती चुकीची आहे असं आता पुष्कळ लोकांना वाटतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं असं सांगितलं. मुलगी मोठी असेल तर हेही सांगा. आजी तयार असेल तर नातीच्या हाताने तिला बांगड्या भरा. यापेक्षा चांगलं समुपदेशन मी करू शकणार नाही.

१२. सोळा वर्षांचा मुलगा खोलीचं दार लावून मोबाइल घेऊन बसतो. आईबद्दल एक शब्द बोलत नाही.

या वयात मूल मुळातच घरापासून सुटायला बघत असतं, आणि नेमकं तेव्हा घरच कोसळतं. बोललो तर बाबा कोसळतील, ही भीतीही असते. तो मित्राशी, गेम खेळताना हेडफोनवर कुणाशी तरी बोलत असेल. ते चालेल, कुणाशी तरी बोलणं महत्त्वाचं.

समोर बसवून 'मन मोकळं कर' म्हणू नका. गाडीवर मागे बसलेला असताना, भांडी घासताना, भाजी निवडताना, म्हणजे डोळ्याला डोळा न भिडता ही मुलं बोलतात. तुम्ही आईचं नाव घेणं बंद करू नका. 'हे आईला आवडलं असतं' असं सहज म्हणा आणि उत्तराची वाट बघू नका. झोप, जेवण, शाळा हे तीनही सुटत चाललं असेल, दारू-सिगारेट, बेफाम गाडी चालवणं सुरू झालं असेल, तर प्रश्न १७.

१३. मी वर्गशिक्षिका आहे. मूल दहा दिवसांनी वर्गात परत येणार आहे. काय करू?

आदल्या दिवशी घरी फोन करून विचारा की वर्गाला काय सांगितलेलं चालेल. मग मुलांना खरं, थोडक्यात सांगा आणि 'बिचारा' म्हणायचं नाही हेही सांगा. त्याला वर्गात उभं करून सांत्वन करू नका. 'आलास, बरं वाटलं' एवढं पुरे. रडू आलं तर न विचारता बाहेर जाता येईल अशी खूण ठरवा. गृहपाठ कमी करा, पूर्ण माफ करू नका.

'माझे बाबा' हा निबंध, फादर्स डे, पालकसभेची 'वडिलांची सही' या गोष्टी वर्षभर येत राहतात. आधी बाजूला घेऊन विचारा: 'तुला बाबांवर लिहायचंय, की दुसरा विषय देऊ?' अनेक मुलं बाबांवरच लिहितात. फक्त ते त्यांनी ठरवलेलं असावं.

१४. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. बसवावं का?

मुलाला ठरवू द्या. काहींना अभ्यास हाच आधार वाटतो. काहींना एक ओळ वाचली जात नाही. निकालानंतर पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जाईलच असं नाही, हे त्याला परीक्षेआधीच सांगून टाका. 'बाबांसाठी नव्वद टक्के आण' असं मात्र कुणीही म्हणू नये.

१५. आजोबांना कॅन्सर आहे, डॉक्टरांनी थोडे महिने सांगितलेत. नातवंडांना आत्ताच सांगावं का?

हो, टप्प्याटप्प्याने. 'आजोबांचा आजार मोठा आहे. औषधं चालू आहेत, पण डॉक्टरांना वाटतं की ते बरे होणार नाहीत.' आजाराचं नाव सांगा, नाहीतर साध्या तापालाही मुलं घाबरतात. तो संसर्गाने होत नाही हेही सांगा. या महिन्यांचा उपयोग करा: आजोबांकडून गोष्टी ऐकून फोनवर रेकॉर्ड करा, जुन्या फोटोंमागे नावं लिहून घ्या.

१६. वडिलांनी आत्महत्या केली. आठ आणि चौदा वर्षांची मुलं आहेत. त्यांना हार्ट अटॅक सांगितलंय. बरोबर केलं ना?

त्या क्षणी तुम्हाला जे सुचलं ते केलं. पण आता बदला. घरी पोलीस आले, पंचनामा झाला, गावाला माहीत आहे. मुलांना ते शाळेच्या बसमध्ये किंवा कुणाच्या मोबाइलवर कळेल, आणि तुमच्याशिवाय कळेल.

आठ वर्षांच्या मुलाला: 'मी तुला आधी पूर्ण खरं सांगितलं नव्हतं, कारण मला कसं सांगायचं ते कळत नव्हतं. बाबांनी स्वतःचा जीव घेतला. त्यांच्या मनाला खूप त्रास होत होता आणि त्यांना मदत मागता आली नाही. त्यात तुझी चूक नव्हती, माझी नव्हती.' चौदा वर्षांचं मूल जास्त विचारेल. कसं केलं याचे बारकावे देऊ नका, विचारलं तर एका वाक्यात खरं सांगून पुढे जा.

शेतकरी कुटुंबांसाठी एक जास्तीची गोष्ट. 'कर्जामुळे गेले' हे एकच कारण मुलांच्या मनात ठसलं तर कर्ज झालं की मरायचं, असा धडा ते घेतात. कर्ज होतं, पाऊस नव्हता, झोप नव्हती, मन आजारी होतं, आणि तसंच कर्ज असलेली शेजारची माणसं जगतायत, मदत घेतायत, हे सगळं सांगा. आणि घरातली, गोठ्यातली कीटकनाशकं आजच कुलपात टाका, किल्ली स्वतःजवळ ठेवा.

१७. मुलगी म्हणते, 'मला बाबांकडे जायचंय.' घाबरू का? तज्ज्ञाकडे कधी न्यायचं?

पाच वर्षांचं मूल म्हणत असेल तर बहुतेक वेळा ती ओढ असते: 'तुला बाबा हवेसे वाटतायत ना, मलाही.' पण तेरा-चौदाच्या मुलीला सरळ विचारा: 'तुझ्या मनात स्वतःला संपवायचे विचार येतात का?' विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट ओझं हलकं होतं. 'हो' म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशकं तिच्या हाताला लागणार नाहीत असं करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस हा सरकारी दूरध्वनी १४४१६ वर मोफत, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे.

घाई नसलेल्या बाबतीतही वाट किती बघायची? मानसोपचारातल्या एका जगभर वापरल्या जाणाऱ्या निदान-पुस्तिकेत २०२२ पासून लांबलेल्या शोकाचा समावेश आहे. त्यात मोठ्यांसाठी एक वर्षाची मुदत धरली आहे, मुलांसाठी सहा महिन्यांची. म्हणजे अर्धं वर्ष उलटूनही मूल रोज त्याच ठिकाणी अडकलेलं असेल, खेळ, मित्र, शाळा परतली नसेल, तर न्या. प्रश्न ८ मधल्या अभ्यासात दोन वर्षांनी साधारण पाचातल्या एका मुलाला गंभीर अडचणी होत्या, आणि त्यातल्या काहींचं पहिलं वर्ष बरं गेलं होतं. बाकीच्या चौघांना तज्ज्ञ लागला नाही, घरची माणसं पुरली.

१८. कमावणारं माणूस गेलं. मुलांच्या नावे काही सरकारी मदत मिळते का?

महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. दोन्हीच नव्हे, एक पालक गेला असेल तरी अर्ज करता येतो. अठरा वर्षांपर्यंत दरमहा प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये, २०२३ मध्ये वाढवलेल्या दराने. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होतो, मंजुरी बालकल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक जवळ ठेवा. दोन्ही पालक नसलेल्या मुलांनी अनाथ प्रमाणपत्र काढून घ्यावं. राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठी १ टक्का आरक्षण आहे. अंगणवाडीताईंना विचारा, बऱ्याच जणींना या अर्जांची माहिती असते.

१९. वडील दारू पिऊन मारायचे. ते गेल्यावर मुलगा म्हणाला, 'बरं झालं.' सगळे हादरलेत.

तो खरं बोलला. सुटका वाटणं, आणि रात्री त्याच बापाची आठवण येणं, दोन्ही एकाच मुलात असतं. 'गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये' म्हणून त्याला गप्प केलंत तर तो दुसरा भाग कधीच बाहेर येणार नाही. 'तुला बरं वाटलं हे मला कळतं. कधी वाईट वाटलं तर तेही सांग' एवढंच म्हणा. फोटोला हार घालायला लावू नका.

२०. सातव्या महिन्यात बाळ गेलं. पाच वर्षांची ताई 'बाळ कुठंय?' विचारते.

'बाळ पोटातच मेलं. ते कधी घरी येणार नाही. आम्हाला खूप वाईट वाटतंय.' तिने कधीतरी 'मला नकोय बाळ' म्हटलं असेल, म्हणून प्रश्न ९ जरूर वाचा. बाळाचं नाव ठरलं असेल तर ते घरात उच्चारलं गेलं तरी चालतं.

२१. दोन वर्षांनी मी पुन्हा लग्न करतेय. मुलगी फोटोतल्या बाबांना 'सॉरी' म्हणाली.

फोटो भिंतीवरून उतरवू नका, नव्या घरातही तो लागला पाहिजे हे लग्नाआधी ठरवा. नव्या माणसाला 'बाबा' म्हणायची सक्ती नको, 'काका' चालेल. लग्न झालं तरी पितृपक्षात तिच्या बाबांसाठी पान वाढलं जाईल हे तिला आजच सांगा.

२२. मुलगी आता अकरा वर्षांची आहे, वडील गेले तेव्हा सात. परवा ती ओक्साबोक्शी रडली: 'मला बाबांचा आवाज आठवत नाही.' हे मागे पडलं असं वाटलं होतं.

मागे पडलेलं नव्हतं, ती मोठी झाली. सातव्या वर्षी जेवढं कळलं तेवढं ती रडली होती. आता नव्याने कळतंय, म्हणून नव्याने रडतेय. पहिली पाळी, दहावीचा निकाल, पहिली नोकरी, तेव्हाही हे होईल.

आवाज शोधा. जुन्या फोनमधल्या व्हॉइस नोट्स, कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओत मागून आलेली हाक, मित्रांच्या ग्रुपवरचे संदेश. आत्याला, त्यांच्या ऑफिसमधल्या मित्राला विचारा. जे सापडेल ते दोन ठिकाणी जपून ठेवा. ज्यांच्या घरी हे नुकतंच घडलंय त्यांना माझी विनंती आहे की तो फोन विकू नका आणि त्या नंबरचं रिचार्ज बंद करण्याआधी मुलांना सांगा. रिचार्ज थांबलं की काही महिन्यांनी नंबर दुसऱ्या कुणाला जातो. एका मुलाने वाढदिवसाला बाबांचा नंबर लावला. कुणीतरी उचलला, परका आवाज 'हॅलो, कोण?' म्हणाला. तो फोन हातात तसाच धरून बसला होता, कट करायचंही सुचलं नव्हतं त्याला.